पुरलेलं आणि पेरलेलं

रानाला लागून एक ओढा वाहत होता आणि ओढ्याकाठच्या जुन्या चिंचेच्या ढोलीत एक खार आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. खार मोठी कामसू, पण तितकीच धास्तावलेली. धास्तावणार नाही तर काय करील, बाळांनो? मागच्या उन्हाळ्यात ओढा आटला, रानातला पाला करपला आणि तिचं धाकटं पिल्लू भुकेनं इतकं हडकलं की आता हे काही जगत नाही, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ते वाचलं खरं, पण खारीच्या मनातली भीती गेली नाही. यंदा काहीही होवो, उन्हाळ्यात पिल्लांच्या तोंडी घालायला आपल्या दारात काहीतरी हवंच, असं तिनं ठरवून टाकलं.

माघ सरत आला. थंडी उतरली, तशी पलीकडच्या बांधावरच्या सशानं दारापुढची माती भुसभुशीत करायला घेतली. दरवर्षी या दिवसांत तो काकडी लावायचा. खार त्याच्याकडे गेली आणि मनातलं सगळं त्याच्यापुढे बोलली. सशाला तिची दया आली. त्यानं ओंजळभर काकडीचं बी तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं, की आळं कर, बी पेर, रोज थोडं पाणी दे, बाकी काही करू नकोस. खारीनं भराभरा मान डोलावली. मातीत काय आणि कसं घालायचं, हे का कुणी खारीला शिकवायचं? तिच्या आईनं आणि आईच्या आईनं जन्मभर तेच तर केलं होतं.

घरी येऊन तिनं चिंचेखाली खड्डा घेतला. चांगला खोल, स्वतः आत शिरली तर शेपटीचं टोकसुद्धा दिसू नये इतका. सगळं बी एकाच जागी तळाशी ठेवलं, वर माती लोटली, चारी पायांनी नाचून नाचून ती घट्ट केली, तिच्यावर एक चपटा दगड सरकवला आणि दगडावर पाचोळा पसरला. पाणी मात्र सांगितल्याप्रमाणे रोज घातलं. शेंड्यावर एक कावळा बसायचा. त्यानं नुसते पंख झटकले तरी खार शेपटी फुगवून धावत सुटायची. पिल्लांना म्हणायची, "येऊ दे आता कुणीही. कुणाच्या बापाला सापडणार नाही."

सशाच्या दारात कोंब वर आले. त्यांना पानं फुटली. शिमगा तोंडावर आला तेव्हा वेल काठ्यांना बिलगायला लागले होते. खारीच्या दारात मात्र पाचोळाच. चोरी झाली, दुसरं काय! ती तडक कावळ्यावर चालून गेली आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल असं त्याला वाट्टेल ते बोलली. कावळ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "खारूताई, तू इतकं छान लपवलंस, की तिथं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं."

खारीनं दगड ढकलला आणि माती उकरली. बी सगळंच्या सगळं जागेवर होतं. पण कुजून त्याचा लगदा झाला होता, हात लावला तर बोटांना चिकटत होता. काही बियांना पांढरे मोड फुटले होते, तेही वर यायला वाट न मिळून तिथल्या तिथं सडून गेले होते. खार खड्ड्याच्या काठावर बसून रडली. चोरानं नेलं असतं तर निदान चोराला शिव्या तरी देता आल्या असत्या.

ससा बघायला आला. त्याला आधी हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"ताई, मी पेर म्हटलं होतं. तू पुरलंस."

"मातीतच घातलं ना? मग फरक काय झाला?"

"पुरायचं ते जसंच्या तसं परत मिळावं म्हणून. मग ते दाबलं, झाकलं तर बरंच. पेरायचं ते आपल्या हातून सुटावं म्हणून. त्याला वर यायला वाट ठेवावी लागते, आणि ती वाट कावळ्यालाही दिसते. त्याला इलाज नाही."

सशाकडे मूठभर बी उरलं होतं. त्यानं तेही तिला दिलं. खारीनं आळी केली, एकेक बी सुटं ठेवलं आणि वर पातळशी माती सोडली. इथपर्यंत सोपं होतं. ती झाडावर चढते न चढते तोच कावळा उतरला आणि त्यानं दोनचार बिया टिपल्या. खार धावली, कावळा उडाला, पण तो पुन्हा येणार हे उघड होतं. तिचे पंजे शिवशिवले. उरलेलं उचलावं आणि खोल, खूप खोल नेऊन ठेवावं, असं तिला इतकं वाटलं की एक बी तिनं हातात घेतलंसुद्धा. तेवढ्यात बोटांना चिकटलेला तो लगदा तिला आठवला. मग तिनं ते बी परत आळ्यात ठेवलं, मातीनं हलकेच झाकलं आणि ती वर निघून गेली.

"आई, तो परत आला बघ," धाकटं म्हणालं.

"दिसतंय मला," खार म्हणाली आणि तिनं फांदी आणखी घट्ट धरली.

काही बी कावळ्यानं नेलं, काही उगवलंच नाही. जे उगवलं, त्याचे वेल चिंचेच्या बुंध्यावर चढले. वैशाखात ओढा आटला तेव्हा त्यांना काकड्या लोंबत होत्या. एका रणरणत्या दुपारी धाकट्यानं काकडी खाता खाता पोट टम्म फुगवलं, आणि अर्धी तोंडात असतानाच त्याला झोप लागली. खार त्याच्याजवळ बसून राहिली. कावळा पलीकडच्या वेलावर चोच मारत होता, पण तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

तात्पर्य काय, तर : भीतीनं दाबून ठेवलेलं चोरीला जात नाही, पण उगवतही नाही. जे वाढावं असं वाटतं, ते थोडं गमावण्याची तयारी ठेवून मोकळं सोडावं लागतं.