शंभर गड्यांचे गाणे

पूर्वी गंगेकाठच्या कुमुदवती नगरीत धृतसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने सुतारांच्या कुळात जन्म घेतला. पुढे तो राजाचा स्थपती, म्हणजे सगळ्या बांधकामाचा प्रमुख झाला. नुसता हात फिरवून लाकूड आतून पोकळ आहे की भरीव, हे तो सांगे. माणसांच्या बाबतीत मात्र त्याचीही एकदा चूक झाली, आणि ती त्याने लपवली नाही, म्हणून तर ही कथा सांगण्यासारखी आहे.

राजाला नवे सभागृह हवे होते. लाकडे नदीतून यायची, घाटावर उतरायची आणि तिथून शंभर गडी ती दोरांनी ओढून वर आणायचे. शंभर जणांनी एकाच क्षणी जोर लावायचा तर गाणे हवेच. हाकारी पुढे उभा राहून एक ओळ म्हणे, शंभर गळे ‘हैय्या’ म्हणत, आणि लाकूड वीतभर सरके. या कामावरच्या हाकाऱ्याचे नाव भेरुक. काय आवाज होता त्याचा! नदीपलीकडचे गुराखी गुरे सोडून ऐकत बसत.

दोर वळायचे काम वेणिकेचे. तिचा नवरा तिला टाकून गेला होता, आणि ती आपल्या कामावर उभी होती. ओढ चालू असताना दोरांवर नजर ठेवणे हेही तिचेच काम. एखादा पेड तुटताना दिसला की तिने ‘थांबा’ म्हणायचे आणि सगळ्यांनी थांबायचे, अशी रीत होती.

भेरुक सुरुवातीला बैलांवर गाई, घाटावरच्या माकडांवर गाई. एके दिवशी त्याने वेणिकेवर ओळ जुळवली. ‘वेणिका आली, हैय्या! नवरा पळाला, हैय्या!’ गडी खदाखदा हसले, आणि हसण्याच्या भरात लाकूड दोन विती पुढे गेले. झाले! मग रोज तिच्यावर एक नवे कडवे. तिच्या चालण्यावर, तिच्या एकटेपणावर, आणि आणखी कशाकशावर, ते इथे सांगण्यासारखे नाही. तुम्ही म्हणाल, गाणारा एक भेरुक, बाकीच्यांचा काय दोष? ते बिचारे नुसते हैय्या म्हणत होते. हो ना! पण भेरुकाचा गळा एक होता, आणि तिच्या कानांवर शंभर गळे आदळत होते.

त्या महिनाभरात बोधिसत्त्व खांबासाठी सालवृक्ष निवडायला वरच्या अरण्यात गेला होता. परतताना नावेतून त्याने गाण्याची लय ऐकली, लाकूड सरसर चढताना पाहिले आणि घाटावर पाय ठेवताच तो म्हणाला, “शाबास, भेरुका! कामाला रंग आणलास.” शब्द काय आहेत, इकडे त्याचे लक्ष नव्हते. वेणिका तिथेच उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिले नाही.

खांब उभा करण्याच्या आदल्या दिवशी बोधिसत्त्व दोर तपासत होता. एका दोराचा पेड आतून तुटलेला त्याच्या बोटांना लागला. त्याने वेणिकेला बोलावले.

“हा दोर काल ओढीला होता ना? तुला दिसला नाही?”

“दिसला, आचार्य.”

“मग थांबा का नाही म्हणालीस? माणसं मेली असती.”

वेणिकेने तुटलेला पेड बोटांनी चाचपला. मग म्हणाली, “एकदा म्हटलं होतं. माझ्या आवाजाची नक्कल करून भेरुकानं त्याचंच कडवं केलं. कुणी थांबलं नाही. माझ्या प्रत्येक शब्दाचं गाणं होतं, आचार्य. म्हणून आता बोलत नाही.”

“मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही घाटावर उतरलात आणि त्याला शाबास म्हणालात. मग कुणाला सांगणार?”

बोधिसत्त्वाने पुष्कळ टीका ऐकली होती, पण एवढी कोणतीच त्याला लागली नव्हती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मी होतो अरण्यात, मला काय ठाऊक! तो म्हणाला, “चुकलो, वेणिके. गाणं ऐकलं आणि शब्द ऐकले नाहीत. यापुढे तुझ्यावर ओळ आली तर काम तिथल्या तिथे थांबेल. समोर कुणीही बसलेलं असो.”

तुटका दोर बाजूला टाकून त्याने भेरुकाला गाठले. भेरुक हसला. “गंमत हो, आचार्य! ती स्वतःसुद्धा हसते.”

“का हसते, ते विचारलंस कधी?”

“त्यात विचारायचं काय?”

“मी विचारलं. हसली नाही तर तू आणखी एक कडवं म्हणतोस, म्हणून हसते. आजपासून हे बंद.”

“बंद तर बंद,” भेरुक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सारी नगरी लोटली. राजा सिंहासनावर, पुरोहित मुहूर्ताची घटिका मोजत बसलेले. धृतसेनाने आधीच बजावले होते की मुहूर्त टळला तर स्थपती बदलला जाईल. ओढ सुरू झाली. खांब टेकूंवर टेकत टेकत अर्धा उठला. एवढी गर्दी पाहून भेरुकाच्या अंगात आले. त्याने एकदा राजाकडे पाहिले, एकदा वेणिकेकडे, आणि तान घेतली, “वेणिका पाहते…”

“थांबा!” बोधिसत्त्व ओरडला. “टेकू लावा!”

टेकू बसले. दोर सैल पडले. राजा उठून उभा राहिला. “काय झालं, स्थपती?”

“महाराज, दोर पाहणाऱ्या बाईची इथं टवाळी होते. म्हणून ती बोलत नाही. जिथं ती बोलू शकत नाही, तिथं मी खांब उभा करणार नाही.”

“एका गाण्यापायी माझा मुहूर्त घालवणार? खांब उभा कर, नाहीतर हातातली ती काठी खाली ठेव.”

मापाची काठी म्हणजे स्थपतीचे पद. तीस वर्षे ती बोधिसत्त्वाच्या हातात होती. त्याने ती शांतपणे राजाच्या पायांशी ठेवली, नमस्कार केला आणि म्हणाला, “तिला शब्द दिला आहे, महाराज.” असा माणूस! वाद नाही, विनवणी नाही. तो चालू लागला.

गडी पुन्हा दोर धरू लागले, तेवढ्यात मागून वेणिकेचा आवाज आला. तो सगळ्यांना ऐकू गेला. “थांबा. तिसरा दोर काढा. ओढीत दोन पेड तुटलेत.”

कुणी हसले नाही. दोर उतरवून उलगडला, तर खरेच दोन पेड तुटलेले. आणखी दोन हैय्यांत तो गेला असता, आणि खांब कोसळला असता तो नेमका भेरुकाच्या डोक्यावर.

“मी मघाशीच पाहिलं होतं,” वेणिका रडत म्हणाली. “मनात आलं, पडू दे. मग आचार्यांनी काठी ठेवली.”

भेरुक खांबाखालून बाजूला सरकला. राजा त्याच्याकडे बोट दाखवून गरजला, “याची जीभ छाटा!”

“नको, महाराज,” बोधिसत्त्व म्हणाला. “त्याला दोराला जुंपा. हाकारी दुसरा नेमू. आणि वेणिके, तुला काय हवं ते तू सांग.”

तिने डोळे पुसले. “माफी नको, काही नको. इथं कुणीही थांबा म्हटलं, तर थांबावं. हसू नये.”

राजाने काठी उचलून स्वतः बोधिसत्त्वाच्या हातात दिली. त्या दिवसापासून कुमुदवतीत नियम झाला की काम करणाऱ्या कुणावरही ओळ रचायची नाही, आणि ‘थांबा’ ऐकले की आधी थांबायचे, मग विचारायचे. मुहूर्त टळला तो टळलाच. खांब दुसऱ्या दिवशी उभा राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली. तिथे पंथिल नावाचा एक भिक्षू पठण करताना अडखळे. सुभंग नावाचा भिक्षू त्याची नक्कल करी, आणि बाकीचे हसत. पंथिलाने पठणाला येणेच सोडले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळची वेणिका म्हणजे आजचा पंथिल. भेरुक म्हणजे सुभंग. घाटावर शाबास म्हणणारा आणि मग काठी खाली ठेवणारा स्थपती मीच होतो.”

एका भिक्षूने हळूच विचारले, “भगवन्, आणि ते हैय्या म्हणणारे शंभर गडी?”

“ते आज माझ्यासमोर बसले आहेत.”

 शास्ते पुढे म्हणाले, “वेणिकेनं सोसलं, म्हणून ही सोसण्याची कथा समजू नका. तिच्यावर ते यायलाच नको होतं. ही मैत्रीची पारमिता, मैत्री पूर्णत्वाला नेण्याची साधना. आणि भिक्षूंनो, मैत्रीला काठी खाली ठेवावीच लागते असं नाही. पहिल्या ओळीला शंभरातल्या एकानं जरी हैय्या म्हटलं नसतं, तरी मैत्री तिथंच सुरू झाली असती.”