वेणीपूरचा न बांधलेला टाउन हॉल

वेणीपूरच्या भर बाजारात एक मोकळी जागा आहे. तिला सगळे टाउन हॉल म्हणतात. भिंत नाही, छप्पर नाही; तरीही गावकरी पूर्वेकडून एका ठराविक जागेवरूनच आत येतात. कुणी नवखा आडवा घुसला, तर भाजीवाल्या ओरडतात, "अहो भाऊ, भिंतीतून काहून येता?" पाहुणे गोंधळतात. मग जुनी माणसे त्यांना ही हकिकत सांगतात.

कापसाला सोन्याचा भाव होता, तेव्हाची गोष्ट. नुकतीच रेल्वे आली होती. गावाने मोठे नकाशे काढवले होते: नाट्यगृह, चार बैलगाड्या शेजारी चालतील असा रस्ता आणि सर्वांआधी मनोऱ्याचा टाउन हॉल. ओव्हरसियर दिनकरराव वझलवारांनी चुन्याची फक्की टाकून त्याची जमिनीवर आखणी केली. नेमकी तिथेच कवतिकाबाई भाजी घेऊन बसत असे. तिच्या घरची चूल त्या जागेवरच पेटत होती.

"मी कुठी जाऊ, सायेब?" तिने विचारले.

दिनकररावांनी नकाशा पुन्हा उलगडला म्हणे, आणि डाव्या अंगाला एक ओसरी वाढवली. "बाई, ही तुमची. दगडी खांब देतो."

मुहूर्त मात्र अडला. गुरुजी म्हणाले, हा महिना गेला, की पुढे सव्वा वर्ष वास्तुशांतीला चांगला दिवस नाही. गावाला कसला धीर! "हॉल तर होणारच हाय," म्हणत लोकांनी फक्कीच्या रेघांतच होम केला, गावजेवण घातले. कवतिकाबाईने आपली ओसरी शेणाने सारवली.

पुढच्याच साली कापूस कोसळला. विटा आल्या नाहीत. नकाशाला वाळवी लागली, पावसाने फक्की धुऊन नेली. कवतिकाबाई मात्र रोज तेवढाच चौकोन सारवून बसे. लोक हसत, "काय व कवतिके, माडीवर कधी नेते?"

"जिना होऊ दे, मंग नेतो," ती म्हणे.

मग परगावचा एक जिनवाला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा मालक, कापसाच्या गोदामासाठी जागा मागायला आला. पंच जवळजवळ तयार झाले. मोजणीची साखळी घेऊन माणसे आली, तशी कवतिकाबाई आडवी आली.

"थांबा. हे घर हाय."

"कुठे आहे घर?" जिनवाला हसला.

ती पंचांचे प्रमुख लखमीचंद शेठ यांच्याकडे वळली. "शेठजी, वास्तुशांतीला तुमी जेवले का नाही?"

"जेवलो."

"बुंदीचे लाडू किती खाल्ले?"

"चार," शेठ पुटपुटले. लोक हसले. पण जेवले तर सगळेच होते. ज्या घराची वास्तुशांत जेवलो, ते घर नाहीच असे कोण म्हणणार?

असे सांगतात, की शेठ पूर्वेला गेले, जोडे काढले आणि दाराच्या जागेवरून वाकून आत आले. मागून सारा गाव आला. जिनवाल्याने साखळी गुंडाळली.

ओसरी वाचली. आजही तिथे तीस-चाळीस बायका भाजी विकतात. नगरपालिकेत नवा साहेब आला, की खरा हॉल बांधायचे बोलतो. बायका त्याला खाली बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "नकाशात आमची ओसरी दाखवा. असंल, तर उद्यापासून विटा आमी वाहतो."