डाव्या पायाचा जोडा

फार फार वर्षांपूर्वी, घाटात अजून गाडीरस्ता नव्हता आणि कोकणातलं मीठ माणसांच्या पाठीवरून देशावर चढायचं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कातळेवाडीत ती सगळ्यांना येते. पण जो तो आपल्याला सोसेल तेवढीच सांगतो, आणि अडचणीची जागा आली की ‘असं म्हणतात’ म्हणून पुढे सरकतो. मी या गावची सून, तीही पाटलांच्या घरातली. आमच्या घरात ही गोष्ट फारच गोड करून सांगतात. मी तशी सांगणार नाही. ऐकायची असेल तर बसा, आणि मध्ये मध्ये हळहळू नका, मला त्याचा राग येतो.

आमचं गाव घाटमाथ्यावर. गाव संपलं की डोंगराला एक उभी चीर आहे, तिला नाळ म्हणतात. ती थेट खाली कोकणात उतरते. तिच्यात वाट अशी नाहीच, नुसते दगड. काही हंड्याएवढे, काही घराएवढे, आणि मधले सगळे डुगडुगणारे. तेव्हा गावातली निम्मी माणसं या नाळेतून रिकामी उतरायची आणि खालच्या वखारीतून मिठाची गोणी पाठीवर घेऊन वर चढायची. बायासुद्धा. नाळ पाय खाते असं म्हणतात. नाळ कशाला खाईल? पायात काय घातलंय त्यावर ते ठरायचं.

आणि पायात घालायचे जोडे शिवायचा म्हाळू.

म्हाळूसारखा हात पंचक्रोशीत नव्हता. कातडं हातात घेतलं की अंगठ्याने दाबून तो सांगायचा, ही म्हैस किती वर्षांची होती, गाभण होती का, चिखलात बसायची की कातळावर. नुसता वास घेऊन सांगायचा, कमावताना हिरडा कमी पडलाय की बाभळीची साल. डोळे बांधून दिले तरी ओळखायचा, असं म्हणतात. त्याचा घाटी जोडा घोट्याच्या वर चढायचा, म्हणजे दगड फिरला तरी पाय मुरगळत नसे. तळाला तीन थर, मेणाचा दुहेरी दोरा. पहिले आठ दिवस तो असा चावायचा की माणूस म्हाळूला शिव्या घालायचा. नंतर दहा वर्षं त्याचं नाव घ्यायची गरज पडत नसे.

पण हे सगळं कातडं चांगलं मिळालं तर. आता नीट ऐका, कारण सगळा अन्याय इथेच आहे. एका कातड्यात दोन कातडी असतात. पाठीचं कातडं जाड, घट्ट, दुमडलं तरी सुरकुती न धरणारं. पोटाचं कातडं मऊ, पोकळ, ओलं झालं की ताणणारं. तेल चोळलं की पोटाचंच जास्त चमकतं, म्हणून अडाणी माणूस तेच उचलतो. आणि आमच्या गावचा रिवाज असा होता, की गावातल्या प्रत्येक कातड्याची पाठ पाटलांकडे जायची. त्यांच्या घोड्याच्या खोगिराला, त्यांच्या मोटेला, त्यांच्या पायांतल्या करकर वाजणाऱ्या जोड्यांना. उरलेलं पोट ओझेवाल्यांना. म्हणजे जो घोड्यावर बसतो त्याच्या पायात पाठ, आणि जो नाळ चढतो त्याच्या पायात पोट! हे वर्षानुवर्षं चाललं, आणि ते उलटं आहे असं कुणाला वाटलंच नाही. वाटलं असेल तर बोललं कुणी नाही.

म्हाळूची बायको सगुणा मिठाच्या खेपा करायची. एका मार्गशीर्षात दगड दवाने ओले होते. तिच्या डाव्या पायातला जोडा भिजून ताणला, टाचेकडून फाटला आणि दगडात अडकला. ती गोणीसकट खाली गेली. तिला वर आणली तेव्हा म्हाळूने आधी तिचं तोंड पाहिलं नाही, पाय पाहिला. जोडा त्याच्याच हातचा होता. शिवण शाबूत होती. कातडं फाटलं होतं.

तेरावा झाला आणि त्याची एकुलती लेक ठकू आईची गोणी उचलायला उभी राहिली. खेप सोडली तर घरात चूल पेटत नव्हती. तिने बापापुढे पाय केला, माप घ्यायला. म्हाळूच्या समोर कातडं पडलं होतं, पोटाचंच. त्याने माप घेतलं नाही. कातडं कापायची रापी खाली ठेवली, उठला आणि चावडीवर गेला.

चावडीच्या पायरीखाली तो उभा राहिला. त्याला पायरी चढायची मुभा नव्हती. गावभर जोडे पुरवणाऱ्याला गावातून जोडे घालून फिरायचीही मुभा नव्हती, हेही सांगून टाकते. आमच्या घरात हे वाक्य गाळतात.

वर मानाजी पाटील बसले होते, माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचे पणजोबा. म्हाळू म्हणाला, “पाटील, औंदाच्या कातड्याची पाठ ओझेवाल्यांना द्या. समदी न्हाई मागत. बारा जोड्यांपुरती द्या.”

पाटील हसले. “अरे, त्यांचे पाय म्हंजी जन्माचंच कातडं. त्याला आनि पाठीचं कशापायी?”

“मग घोड्यावर बसनाऱ्याला कशापायी?” म्हाळूने विचारलं.

पाटील म्हणाले, “पाठ काय, पोट काय, तेल लावलं की समदं एकच. तुझाच हात बिघडलाय. म्हनून बायकू गेली तुझी.”

बघा, कुठे मारलं! मला हे वाक्य आमच्या घरातल्या कुणी सांगितलं नाही, मी ते गावातल्या म्हाताऱ्यांकडून काढून घेतलं. त्यावर म्हाळू ओरडला नाही. तो एवढंच म्हणाला, “उद्या मी नाळ चढतो. उजव्या पायात पाठीचं, डाव्या पायात पोटाचं. शिवण एकच, हात एकच. पाठीवर मिठाची गोनी. जे फाटंल ते तुमचं, जे टिकंल ते आमचं.”

पाटलांना गंमत वाटली. त्यांनी एका पायाच्या जोड्यापुरतं पाठीचं कातडं त्याच्यापुढे फेकलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव नाळेच्या माथ्यावर जमलं. म्हाळू गावातून जोडे घालून चालत गेला. जन्मात पहिल्यांदा. त्याला कुणी अडवलं नाही. तो खाली उतरला, गोणी घेतली आणि चढू लागला. अर्धी नाळ चढेपर्यंत डावा जोडा भोपळ्यासारखा फुगला, मग टाचेकडून फाटला. सगुणाचा फाटला होता तिथेच. म्हाळू एका पायात जोडा आणि एक पाय अनवाणी असा माथ्यावर आला. फाटका जोडा त्याने पाटलांपुढे ठेवला आणि म्हणाला, “ह्यो तुमचा.”

आता शब्द पाळायचा की नाही? मोठ्या घराचा शब्द, नाही का! पण पाटील म्हणाले, “एका खेपंत काय कळतंय? सात कर.”

ठकू पुढे झाली. “मग माज्या बाला डावा जोडा द्या पाठीचा.”

पाटील म्हणाले, “तोच बोलला, एका पायात. आता एकाच पायात.”

आणि त्या माणसाने सात खेपा केल्या. धट्टाकट्टा गडी दिवसाला एक खेप करायचा, फार तर दोन. पण त्या दिवशी सूर्य नाळेच्या वर येऊन थांबला, असं म्हणतात. सावल्या दगडांखाली गेल्या त्या बाहेर येईनात. तिसऱ्या खेपेला डाव्या पायातून रक्त यायला लागलं. चौथ्या खेपेला खालच्या वखारीतली माणसं गोणी द्यायला तयार होईनात, तेव्हा त्याने ती स्वतः उचलली. पाचव्या खेपेला उजव्या जोड्याखाली दगड झिजायला लागले. खरंच, असं म्हणतात की जोडा झिजला नाही, दगड झिजले. तुम्ही नाळेत जाल तेव्हा बघा, उजवीकडे पाऊल मावेल अशा खळग्या आहेत आणि डावीकडे दगडांवर तांबडे डाग आहेत. मागे शहरातले एक गृहस्थ मला म्हणाले, ते दगडफूल असतं. असेल. मग ते डावीकडेच का उगवतं?

सातव्या खेपेला खालून धुकं चढलं आणि नाळ भरून गेली. माथ्यावर सगळे कान देऊन उभे. आवाज येत होता, एक पाऊल जड, एक हलकं. जोडा, पाय. जोडा, पाय. अगदी जवळ आला आणि थांबला. धुकं निवळलं तेव्हा माथ्यावरच्या सपाट दगडावर सातवी गोणी नीट ठेवलेली होती. मिठाचा खडा सांडला नव्हता. म्हाळू नव्हता.

डोंगराने त्याला पोटात घेतलं, असं म्हणतात. तो देव झाला, असंही म्हणतात. मी एवढंच म्हणते, की त्याला आमच्या घराने मारलं. देव झाला म्हटलं की मारणाऱ्याला बरं पडतं, म्हणून मला तो शब्द आवडत नाही.

पाटील उठले, जायला निघाले. तेवढ्यात ठकू त्या गोणीवर बसली. म्हणाली, “ही गोनी माज्या बानं आनलीया. हिच्यामागनं आता दुसरी चढायची न्हाई.” एकेक करून सगळे ओझेवाले तिच्याभोवती बसले. पाटलांनी माणसं पाठवली, दमदाटी केली, गोणी उचलून न्यायला बैल जुंपले. गोणी हलली नाही. सात बैलांनी हलली नाही, असं म्हणतात. पोरगी वर बसलेली होती, ते मात्र सांगायचं राहतं.

आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. गावातलं मीठ संपलं. ठकू गोणीचं तोंड उघडायची आणि गरिबाघरच्या बायांना मूठ मूठ द्यायची. गोणी काही सरली नाही. पाटलांच्या घरी मात्र एक खडा गेला नाही. आमच्या घरात सांगतात, की एकविसाव्या दिवशी पाटलांना दया आली. दया नाही आली. आमटी अळणी झाली! एकविसाव्या दिवशी मानाजी पाटलांनी ताट सरकवलं, माथ्यावर आले आणि म्हणाले, “पाठ तुमची.”

ठकू उठली नाही. ती म्हणाली, “आनि डावा जोडा? माझा बा एका पायानं अनवानी गेलाय. तो जोडा तुमी द्यायचा. दर साली. तुमच्या घरच्या मानसानं नाळंतनं आनायचा, अनवानी.”

तेव्हापासून कातड्याची पाठ चालणाऱ्याची. मिठाच्या गोण्या गेल्या, गाड्या आल्या, पण हा रिवाज गेला नाही. दिवाळी झाली की ठकूच्या वंशातले हणमंतअण्णा पाठीच्या कातड्याचा एकच जोडा शिवतात, डाव्या पायाचा. आमच्या घरातल्या एकाने तो घेऊन नाळेच्या तळापासून माथ्यापर्यंत अनवाणी चढायचं आणि त्या सपाट दगडावर ठेवायचा. गेल्या वर्षी आमचे भाऊजी पायमोजे घालून निघाले होते. हणमंतअण्णांच्या सूनबाईंनी तळाशीच उभं करून ते काढायला लावले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि तुम्ही डोंगर चढायला येणारे लोक. तुम्हाला वाटतं गावातल्या बायका उगाच अडवतात. नाळेत उतरण्याआधी माथ्यावरच तुम्हाला पाय वर करून तळ दाखवावा लागतो, त्याला ‘म्हाळूला पाय दाखवणं’ म्हणतात. आम्ही कातडं दुमडून बघतो, सुरकुती धरतंय का. अंगठ्याने दाबतो. तळ नुसता चिकटवलाय की शिवलाय ते बघतो. दुकानातल्या दिव्याखाली चमकलं म्हणून घेतलेला बूट असेल तर परत पाठवतो. हसायचं तर हसा. गेल्या माघात एक जण हसत आमच्या हाताखालून निसटून गेला, आणि अर्ध्या नाळेत त्याच्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबायला लागला. त्याला वर आणायला हणमंतअण्णांचाच मुलगा गेला.

यंदा आमच्या घरातून मी चढले. सुनेने जायचं नसतं, असं सासूबाई म्हणाल्या. म्हटलं, ठकूने फक्त घरचं माणूस म्हटलंय, आणि मी घरचीच आहे ना? दोन ठिकाणी पाय फुटला. डाव्या बाजूच्या दगडांवर माझेही डाग पडले असतील. माथ्यावर पोहोचले तेव्हा जोडा पोटाशी धरून थोडी रडले, दमले होते म्हणून, आणि लाज वाटली म्हणून.

तिथे एक मुलगी डबा खात बसली होती, पाठीवर भली मोठी पिशवी, पायात चांगले जाड बूट. मी दगडावर जोडा ठेवला तसं तिने विचारलं, “काकू, एकच? उजवा कुठंय?”

मी म्हटलं, “उजवा त्याच्या पायात आहे. अजून फाटला नाही, असं म्हणतात.”