पिराजी गुहा निवडतो

डोंगराच्या अल्याड अल्याडवाडी, पल्याड पल्याडवाडी. त्यातल्या अल्याडवाडीत पिराजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती, तर 'वाट बघ' म्हटलं की तो रस्त्याच्या कडेला बसून रस्ता बघायचा. मनानं फार चांगला. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

एका वर्षी पावसानं दडी मारली. विहिरींचा तळ दिसू लागला. बायाबापड्या ओढ्यात खड्डा खणायच्या, त्यात झिरपेल ते पाणी करवंटीनं घागरीत भरायच्या. पिराजीची बायको हौसा सकाळी ओढ्यावर जायची, ती दुपार कलल्यावर घरी यायची. घागर अर्धीच असायची, डोकं मात्र पुरतं तापलेलं.

डोंगराच्या कड्यात गुहाच गुहा होत्या. एरवी या दिवसांत कड्यावरून पाण्याचे लोट कोसळायचे, तिकडं फिरकायची सोय नसायची. यंदा सगळं कोरडं ठणठणीत. म्हातारी माणसं सांगायची, यातल्या कुठल्यातरी गुहेत जुन्या काळचं टाकं आहे आणि त्याचं पाणी कधी आटत नाही. पल्याडवाडीची माणसंही त्याच टाक्याच्या मागावर होती.

पाटलांनी गाव चावडीवर बोलावलं. म्हणाले, "घरटी एकेक गुहा निवडा आन् धुंडाळा. ज्या गावाला पाणी गावंल त्याचं ते. तवर थेंब न् थेंब जपा. अंघोळ ओल्या फडक्यानं करा."

हौसाला ओढा सुटत नव्हता. ती पिराजीला म्हणाली, "अवो, आपली गुहा तुम्हीच निवडा. लांब जाऊ नका. जवळची निवडा."

"बरं," पिराजी म्हणाला.

त्यानं चहूकडं पाहिलं. घराच्या भिंतीला लागून घुशीचं बीळ होतं. त्याहून जवळ काही नव्हतं. पिराजीनं त्यात डोकं घातलं आणि पाणी आहे का पाहू लागला. पाणी नव्हतं. घूस होती.

हौसा परत आली तर अंगणात नवऱ्याचे नुसते पाय. तिनं पायांना धरून त्याला ओढून काढला. नाकावर घुशीचे दात उमटले होते.

"अवो, हे बीळ हाय! गुहा डोंगरात असती. माणूस उभा राहील एवढी. आन् एकदम आत घुसायचं न्हाई. आदी बाहेरून हाक मारायची. आत कोण हाय का बघायचं. असलं तर गुमान माघारी यायचं."

"बरं," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो डोंगर चढला. माणूस उभा राहील अशी एक गुहा निवडली. बाहेर उभा राहून हाक मारली, "कोण हाय?"

आतून आवाज आला, "कोण हाय?"

पिराजी म्हणाला, "मी पिराजी!"

आतून आवाज आला, "मी पिराजी!"

पिराजी विचारात पडला. मग तो गुमान डोंगर उतरला आणि घरी येऊन हातपाय पसरून झोपला.

"गुहा बघितली?" हौसानं विचारलं.

"पिराजी बघतोय."

"कोण पिराजी?"

"मीच. आदीच आत होतो. मग एका गुहेत दोघं कशाला?"

हौसानं करवंटी फेकून मारली. "अवो, तो तुमचाच आवाज! गुहेत घुमतो तो. आतून कोण बी 'कोण हाय' म्हणू दे, भ्यायचं न्हाई. सरळ आत घुसायचं आन् पाणी हाय का बघायचं."

"बरं," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पाटलांच्या वाड्यामागून निघाला. तिथं एक न्हाणीघर होतं. त्याला दाराऐवजी किंतानाचा पडदा. आतून खुडबुड ऐकू आली. पिराजी खोकला.

आतून आवाज आला, "कोण हाय?"

पिराजी भ्याला नाही. पडदा बाजूला सारून सरळ आत घुसला.

आत पाटील बसले होते. अंगाला साबणाचा फेस, पुढ्यात कोमट पाण्याचा हंडा, शेजारी गार पाण्याचा हंडा. ओलं फडकं कुठंच नव्हतं. कोरडंही नव्हतं.

"पाणी हाय," पिराजी म्हणाला. "हौसीला सांगतो."

पाटलांनी तांब्या फेकला. तो कपाळाला लागला. मग पाटील उठले, पण बाहेर येण्यासारखी त्यांची परिस्थिती नव्हती. त्यांनी आतूनच पिराजीच्या सात पिढ्या काढल्या.

हौसानं टेंगळाला हळद लावली. आधी ती हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. शेवटी म्हणाली, "अवो, कुणी अंघोळीला बसलं असलं तर बघत ऱ्हायचं नसतं. 'चुकलं' म्हणायचं, डोळे मिटायचे आन् पाठ फिरवून यायचं. त्यातनं पाटील म्हंजी मोठा माणूस. उगा डूख धरंल."

"बरं," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डोंगरात गेला. उंबराच्या झाडामागं एक गुहा होती, तिकडं कुणी पाहिलंच नव्हतं. पिराजीनं ती निवडली. आत शिरला. आत गार होतं. पुढं गेला तर काळंभोर पाणी, आणि पाण्यात कमरेपर्यंत एक मूर्ती. जुन्या काळी कुणीतरी कोरलेला दगडी यक्ष. गोल पोट, फुगलेले गाल, पल्लेदार मिशा.

पिराजी दचकला. हात जोडून म्हणाला, "चुकलं, पाटील!"

त्यानं डोळे गच्च मिटले, पाठ फिरवली, बाहेर येताना उंबरावर आपटला आणि पळत घरी आला.

"हौसे, मला न्हाई बरं वाटत ह्ये. गावाला प्यायला न्हाई आन् पाटील सारखी अंघोळ करत्यात."

"आता कुठं करत्यात?"

"उंबराच्या मागल्या गुहेत. कमरेइतक्या पाण्यात बसल्यात."

हौसानं वळून पाहिलं. समोर चावडीच्या पारावर पाटील तंबाखू मळत होते.

तिच्या हातातली करवंटी गळून पडली. "कमरेइतकं पाणी?"

"व्हय. पर मी बघत ऱ्हायलो न्हाई."

घटकाभरात सगळं गाव घागरी, कळशा, पोरंबाळं घेऊन उंबराकडं निघालं. पुढं हलगी, मागं पाटील. पाटलांच्या हातात नारळ. पूजा आपल्याच हातून व्हावी म्हणून ते सगळ्यांना ढकलत चालले होते. टाकं खरंच होतं. पाणी गार आणि गोड. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. यक्षाकडं बघून सगळे पाटलांकडं बघायचे आणि हसू झाकायचे.

हौसानं पिराजीला मात्र बाहेरच थांबवलं.

"तुम्ही आत येऊ नका. पल्याडवाडीची माणसं ह्या अंगाला फिरत्यात म्हणं. त्यास्नी कळलं तर भांडण उभं ऱ्हाईल. पूजा होऊन आमी घागरी भरून येईस्तवर तोंड बंद ठेवा. काय बी झालं तरी तोंड बंद!"

"बरं," पिराजी म्हणाला.

हौसा आत गेली. पिराजीनं गुहेच्या तोंडाकडं पाहिलं. ते सताड उघडं होतं. शेजारी उतारावर एक मोठा धोंडा होता. पिराजीनं त्याला खांदा लावला. धोंडा हलेना.

तेवढ्यात पल्याडवाडीचे लोक आले. त्यांचा म्होरक्या तात्याबा म्हणाला, "काय चाललंय, पाव्हणं?"

"तोंड बंद करायचंय. धोंडा हालत न्हाई. जरा हात लावा की."

"आत काय हाय?"

"टाकं गावलंय. पर तुमास्नी कळू द्यायचं न्हाई, म्हणून बंद करतोय."

तात्याबानं आपल्या माणसांकडं पाहिलं. "आन् तुमचं गाव कुठं हाय?"

"समदं आत हाय."

तात्याबानं धोतर खोचलं. "लावा रं हात! शेजारधर्म हाय."

धोंडा गडगडत आला आणि गुहेच्या तोंडात घट्ट बसला. वर वीतभर फट राहिली. आतली हलगी थांबली. मग असा गलका उठला की डोंगर हादरला.

"धोंडा काढा!" पाटील फटीतून ओरडले.

"काढतो," तात्याबा म्हणाला. "पाणी निम्मं आमचं."

"थेंब मिळायचा न्हाई!"

"मग बसा." तात्याबानं चंची सोडली आणि पान लावायला घेतलं.

आत अंधारात कुणीतरी हलगीवर पडलं. त्या आवाजानं वटवाघळं उठली. पाटलांना वटवाघळांचं भय.

"निम्मं!" पाटील किंचाळले. "निम्मं तुमचं! आईची आन!"

दोन्हीकडून जोर लावून धोंडा सरकवला. पाटील बाहेर आले, तेव्हा फेट्यावर वटवाघळांच्या लेंड्या होत्या. कुणी कुणाशी भांडलं नाही, कारण हसण्यातून सवड नव्हती. दोन्ही गावांच्या घागरी भरू लागल्या.

हौसा मात्र तरातरा पिराजीकडं आली.

"अवो, तोंड बंद ठेवा म्हंजी तुमचं तोंड!"

पिराजीनं घाम पुसला. धोंड्याकडं पाहिलं. मग आपल्या तोंडावर पंजा ठेवून माप घेतलं.

"मग तसं सांगायचं न्हाई व्हय? हे तर एका हातात मावतंय. एवढ्यासाठी मी पल्याडवाडी कशाला बोलावली असती?"