पळसाचे तिसरे पान

एका जंगलाच्या कडेला, भुईमुगाच्या शेतांना खेटून उभ्या असलेल्या आंब्यावर, एक खार राहत असे. तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. शेंग सोलताना लक्ष भलतीकडे, झोपेतसुद्धा शेपटी चाललेली. पण पिल्लांच्या बाबतीत ती पक्की होती. पावसाळ्याची बेगमी म्हणून तिने ढोलीत शेंगा गच्च भरून ठेवल्या होत्या आणि त्यांतली एकही ती पिल्लांना आधी खाऊ देत नसे.

मुलांनो, त्या जंगलात तेव्हा पानांच्या खेळाचे खूळ शिरले होते. डोळे मिटून ढिगातून दोन पाने उचलायची आणि आपल्या पायाखाली झाकायची. आणखी पाच पाने मधे दगडांखाली, ती सगळ्यांची. आधी तीन दगड उचलायचे, मग चौथा, मग पाचवा. पायाखालची आणि मधली धरून ज्याच्याकडे एकाच झाडाची पाने जास्त, तो जिंकला. मात्र दगड उचलले की कोणी शेंगा लावल्या, तर बाकीच्यांनी तेवढ्याच लावायच्या, वाढवायच्या, नाहीतर पाने टाकून गप बसायचे.

एका दुपारी खार, ससा आणि साळिंदर खेळायला बसले. साळिंदर महाकंजूष, शेंगेचे फोलपट सोडतानाही त्याचा जीव जाई. खारीने पायाखाली डोकावून पाहिले. दोन्ही पाने पळसाची. तिला आनंदाने बसवेना.

तीन दगड उचलले. पिंपळ, पिंपळ आणि वड. साळिंदराने मुकाट्याने मूठभर शेंगा पुढे सरकवल्या. "आपल्याला नाही बुवा झेपत," म्हणत सशाने पाने टाकली आणि तो दगड उचलायच्या कामाला लागला. खारीने तेवढ्याच शेंगा लावल्या आणि पुन्हा पायाखाली पाहिले. चौथे पान जांभळाचे निघाले. साळिंदराने दुप्पट लावल्या. खारीने पुन्हा बरोबरी केली, पुन्हा पायाखाली पाहिले. "एक पळस येऊ दे, एकच," ती पुटपुटत होती. तिची शेपटी नुसती फडफडत होती.

सशाने पाचवा दगड उचलला. खाली पळस होता.

साळिंदराने या वेळी शेंगांचा ढीगच लोटला. ससा खारीच्या कानाशी लागला, "खारूताई, फार तर बरोबरी कर आणि पाने उघड. अर्धी ढोली तरी राहील. एवढं कंजूष साळिंदर आज हात का सैल सोडतंय, बघ तरी त्याच्याकडे."

"त्याच्याकडे काय बघायचंय? मला हवं तेच पान आलंय," खार म्हणाली आणि सरसर झाडावर गेली. ती ढोली रिकामी करू लागली, तशी पिल्ले जागी झाली. "आई, पाऊस लागला का गं?" त्यांनी विचारले. "नाही रे राजांनो. संध्याकाळी दुप्पट आणते," असे म्हणून तिने शेवटची शेंगही खाली टाकली.

साळिंदराने विचारसुद्धा न करता तेवढ्याच शेंगा लावल्या. मग त्याने पाय उचलला. पायाखाली पिंपळाची दोन पाने होती. मधली दोन धरून चार झाली. खारीचे पळस तीनच.

खारीची शेपटी आता हलत नव्हती. आपण काय बोलतो आहोत हे तिचे तिलाच कळत नव्हते. "निदान सांगायचंस तरी मला," ती म्हणाली.

"पहिल्या तीन पानांपासून सांगतच होतो की," शेंगा गोळा करत साळिंदर म्हणाले. "दर खेपेला आधीपेक्षा मोठ्यानं. तू मान वर केली नाहीस."

वर ढोलीत पिल्ले संध्याकाळची वाट पाहत बसली होती.

तात्पर्य : आपल्याच पानांवर डोळे लावून बसणाऱ्याला समोरच्याची चाल दिसत नाही, हवे ते पान आले म्हणजे डाव आपला झाला, असे नव्हे.