रिकामा ट्रे

“आणि आत काहीच निघालं नाही तर, सर?”

डॉ. घाणेकरांचा प्रश्न सरळ होता. सूर सरळ नव्हता.

तांबोळी सरांचे केस कान-नाक-घसा विभागातच पांढरे झाले होते. घाणेकर त्यांचे सर्वांत हुशार विद्यार्थी. हे घाणेकरांना वेगळं कुणी सांगावं लागत नसे.

दोन वर्षांची ईश्वरी आईच्या मांडीवर बसून खुशाल बाहुलीचा पाय चावत होती.

“काय झालं होतं, बेटा?” सरांनी आईला विचारलं.

“सीताफळ खाताना ठसका लागला, सायेब. पोर निळी पडली. मग आपली आपण बरी झाली. पण तवापासनं छातीत शिट्टी वाजतीया. बी गेलीया आत.”

“जाताना पाहिलीस?” घाणेकर.

“न्हाई.”

“एक्स-रे स्वच्छ आहे. मुलगी खेळतेय. दमा असणार. औषध देऊन घरी पाठवू.”

“मी न्हाई जायची.” तिनं पोरीला घट्ट धरलं.

“सीताफळाची बी एक्स-रेत दिसते का रे?” सर म्हणाले.

“बहुधा नाही…”

“आणि बी आत अडकली, तरी ठसका ओसरल्यावर पोर काही काळ शांत होतं ना?”

“होतं. पण नसलीच तर? एवढ्याशा पोरीला भूल द्यायची, श्वासनळीत दुर्बीण घालायची आणि रिकाम्या हातानं बाहेर यायचं? सगळं हॉस्पिटल हसेल!”

“हसू दे की.”

सरांनी दुर्बीण घातली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडे.

काही नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी रिकामा ट्रे आईपुढे धरला. “बी नाही. दमाच आहे. आता औषध निर्धास्त दे.”

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलंच. सरांनी ट्रे आणखी वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. आई मात्र त्या ट्रेकडे बघून ढसाढसा रडली. इतका आनंद तिला बी बघूनही झाला नसता.

घाणेकरांना राहवलं नाही.

“मी म्हणालो होतो, सर. मी आजवर जेव्हा जेव्हा दुर्बीण घेऊन आत गेलो, तेव्हा काहीतरी घेऊनच आलो. रिकाम्या हातानं एकदाही नाही.”

सर हातमोजे काढता काढता थांबले.

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही!”

“…मग न बघता घरी किती पोरं पाठवलीस?”