शेवळीच्या धक्क्यातली आवडी

फार मागे, शेवळी बंदरात मिठाची आणि कौलांची गलबतं लागायची तेव्हा, तिथला दगडी धक्का रोज रडायचा. ओहोटी लागली की भिंतीच्या बुडाशी ठेवलेल्या भोकांतून आत शिरलेलं पाणी बाहेर यायचं आणि उन्हात त्या धारा निळ्या दिसायच्या. असं म्हणतात, की ती भोकं बांधणाऱ्यांनीच ठेवली होती. कशासाठी, ते गावातल्या म्हाताऱ्यांनी कधी विचारलं नाही. बंदर रडतं हे अशुभ, एवढं मात्र त्यांनी ठरवलं आणि सगळी भोकं चुन्यानं लिंपून टाकली. कुणी रडलं की त्याचं तोंड दाबायचं, ही त्यांची घरातलीच रीत. सुनांची तोंडं दाबून हात बसलेला होता.

धक्का गप्प झाला, आणि मग त्याला पोट सुटू लागलं. भरतीचं पाणी फटींतून आत जायचं, पण परतायला वाट नव्हती. दगड समुद्राकडे सरकले, वरची फरशी दुभंगली, आणि एक दिवस गलबत लागत असताना धक्क्याचा कोपराच ढासळला. गलबतं दुसऱ्या बंदरांकडे वळू लागली.

म्हातारे देवळात जमले. त्यांच्यातला सगळ्यांत वयस्क धाकू तांडेल म्हणाला, की भिंत माणूस मागते आहे, कुणाला तरी जिवंत चिणल्याशिवाय ती उभी राहायची नाही. तिथे बसलेल्यांचं आयुष्य संपतच आलेलं, पण एकानंही स्वतःचं नाव घेतलं नाही. नाव निघालं आवडीचं. ती धक्क्यावरची कालवं कोयतीनं फोडून विकायची आणि म्हाताऱ्यांना तोंडावर उत्तरं द्यायची. नवरा वादळात गेलेला, आईबाप नाहीत. मागे रडणारं कुणी नाही, म्हणून सोयीची.

असं म्हणतात, की आवडी पळाली नाही. कालवं काढताना तिचा कान भिंतीला लागायचा आणि आत कुणीतरी कण्हतंय असं तिला ऐकू यायचं. तिनं तांडेलाला फक्त एवढंच सांगितलं :

"तांडेलमामा, चिणणार तर चिणा. पण जागा मी सांगेन. मला अगदी बुडाशी ठेवा, जुन्या भोकापाशी."

"जन्मभर आमचं ऐकलं नाहीस. मरताना तरी ऐक."

"मेल्यावर ऐकेन. रोज रात्री तुमच्या उशाशी येऊन."

म्हातारे भुताला फार भ्यायचे. जाणारीचा शब्द मोडायची हिंमत कुणाला झाली नाही.

मोठ्या ओहोटीला तिला चिणायची जागा करायला त्यांनीच जुन्या भोकाला पहारी लावल्या. आधी चुना निघाला, मग एक बारीक गार धार आली, आणि मग दगड आपणहून बाहेर उडाला. कोंडलेला समुद्र सुटला. असं म्हणतात, की तो दिवसभर वाहत होता. त्यात ऊन कधीच न पाहिलेले पांढरे मासे होते, विसरलेल्या पावसाळ्यांचा वास होता, बुडालेल्या खलाशांची गाणी होती. बायका काठावर उभ्या राहून आपापल्या माणसांचे आवाज ओळखत होत्या. म्हातारे तोंडघशी चिखलात पडले, असंही म्हणतात, आणि ते खरंच असणार. आवडी हसत हसत एकेका भोकाचा चुना कोयतीनं खरवडत पुढे गेली. भिंतीनं श्वास सोडला. सुटलेलं पोट हळूहळू आत गेलं, दगड आपल्या जागी येऊन बसले.

शेवटच्या भोकापाशी भरती चढली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आणि आवडी कुणाला दिसेनाशी झाली. कुणी म्हणतात ती त्या सुटलेल्या समुद्राबरोबर चालत गेली. कुणी म्हणतात ती भिंतीतच राहते, पण स्वतःच्या मर्जीनं. चिणलं मात्र तिला कुणी नाही.

आता शेवळीत ट्रॉलर लागतात. धक्क्याला सिमेंट आलं, तरी दुरुस्तीत ती भोकं कुणी बुजवू दिली नाहीत. आवडीचे डोळे म्हणतात त्यांना. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायच्या आधी ते साफ होतात, आणि ते काम तरुणांनी करायचं नाही. गावातला सगळ्यांत म्हातारा पुरुष खाली उतरतो, चिखलात पोटावर झोपतो आणि खांद्यापर्यंत हात घालून गाळ उपसतो. वरून विचारतात, "आवडी रडली का?"

धार लागली की त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "रडते आहे. रडू दे."

तोपर्यंत एकही होडी दोर सोडत नाही, आणि त्याला वर ओढायला कुणी हात देत नाही.